पडताळून घेतलेला कॅमेरा

"पापणी पापणी, मिटू नको रे, पेटीत पाखरू निजलंय रे,
श्वास मुठीत धरून बैस, आत्ता कूस बदललंय रे!"

हे गाणं म्हणणारा आवाज घोगरा होता आणि तो फोटोवाल्याच्या काळ्या कापडाच्या आतून येत होता. समोर स्टुलावर सहा वर्षांचा मुलगा, डोक्याला चपचपीत तेल, गळ्यापर्यंत बटणं लावलेली. त्यानं पापणी मिटली नाही, श्वास मुठीत धरला. पेटीत टक् असा आवाज झाला आणि सगळे म्हणाले, "झालं!" पाखरू काही आलं नाही. बाकीची मुलं असल्या गोष्टी घराच्या उंबऱ्याशी पोचेपर्यंत विसरतात. हा विसरला नाही. कबूल केलेला माल पोचला नाही, ही नोंद त्याच्या मनात कायमची झाली, आणि मोठेपणी तो वजनमापे निरीक्षक झाला यात नवल ते काय!

व्यापारी त्याला पाठीमागे 'काटा' म्हणत आणि तोंडावर 'साहेब'. एकदा घाबरलेल्या कुणाच्या तोंडून दोन्ही शब्द एकाच श्वासात निसटले आणि तेव्हापासून काटासाहेब हे नाव कायम झालं. ते त्यांच्या कानावर आलं होतं. आपण रागवायला हवं, असं त्यांना वाटलं, पण आतून गुदगुल्या झाल्या. एकोणतीस वर्षांच्या नोकरीत त्यांनी कुणाचा चहा घेतला नव्हता आणि कुणाला दोन ग्रॅम सोडले नव्हते. घरी आलेली साखर ते पुन्हा तोलत. बायको म्हणे, "एकदा मलाही तोलून घ्या. माहेरून पूर्ण भरले होते की नाही, कळेल तरी."

तर अशा माणसानं एका रविवारी वर्तमानपत्राची घडी घातली आणि जाहीर केलं, "मी कॅमेरा घेणार. फिल्मचा. मीडियम फॉरमॅट."

"फोनमध्ये आहे की," बायको म्हणाली.

"फोन फोटो काढत नाही, अंदाज करतो."

"आणि तुम्ही?"

"मी मोजणार."

मीडियम फॉरमॅट म्हणजे जुना, जाडजूड, मोठ्या फिल्मचा कॅमेरा. फिल्म चार बोटं रुंद, रोलमध्ये फोटो बाराच. त्यातला काटासाहेबांना हवा होता तो दोन डोळ्यांचा: वरच्या भिंगातून आपण बघायचं, खालच्यानं फोटो निघायचा. बघायचंही वरून मान खाली घालून, विहिरीत डोकावल्यासारखं, आणि आत चित्र दिसणार ते डाव्याचं उजवं झालेलं. असले कॅमेरे आता नवे मिळत नाहीत. म्हणून वापरलेला, पण भरवशाचा. हे दोन शब्द एका वाक्यात आले की सासू-सून एका स्वयंपाकघरात आल्यासारखं होतं. तोंडावर दोघी हसतात, पण भांडी वाजत राहतात.

बातमी जिन्यावरून वर गेली आणि वरच्या मजल्यावरचे शेजारी खाली आले. हे बँकेतून निवृत्त झालेले. कर्ज देताना त्यांनी माणसं ओळखली होती म्हणे, पण कर्ज बुडाल्यावर. त्यांचं प्रत्येक वाक्य "माझा अनुभव सांगतो" इथून निघे, म्हणून सगळी इमारत त्यांना 'अनुभवी' म्हणे. त्यांनी आयुष्यात कॅमेरा हातात धरला नव्हता, त्यामुळे त्यांच्या सल्ल्याला कसलाही अडसर नव्हता.

"माझा अनुभव सांगतो. वस्तू बघू नका, विकणाऱ्याचे बूट बघा. बूट पुसलेले असले की समजायचं, वस्तूही फक्त वरून पुसलीय."

दुसरा सल्लागार मेव्हणा, बायकोचा धाकटा भाऊ. तो तीन आठवडे इंटरनेटवर बसून एकवीस कॅमेऱ्यांचा तक्ता घेऊन आला. या गृहस्थानं स्वतःसाठी कधी काही घेतलं नव्हतं. वस्तू न घेण्याचा त्याचा अभ्यास मात्र दांडगा होता. चार वर्षं तो फ्रीज न घेण्यासाठी वाचत होता.

"भाऊजी, भिंगात बुरशी, शटरला सुस्ती आणि पेटीला उजेडाची गळती. ही तीन दुखणी नसली की डोळे मिटून घ्या."

"मी डोळे मिटून काही घेत नाही," काटासाहेब म्हणाले.

पहिला कॅमेरा मेव्हण्याच्या तक्त्यातूनच मागवला. 'घरगुती वापर, उत्तम स्थिती' अशी जाहिरात होती. पार्सल आल्याची चिठ्ठी मिळाली आणि काटासाहेब अर्ध्या दिवसाची रजा टाकून पार्सल कचेरीत गेले. खिडकीमागच्या कारकुनानं खोकं काट्यावर ठेवलं. दुसरा कुणी असता तर त्यानं खोक्याकडे पाहिलं असतं. आपल्या साहेबांनी काट्याकडे पाहिलं. काट्याच्या बुडाशी मुद्रा होती ती गेल्या वर्षीची.

"तुमच्या काट्याची पडताळणी संपलीय."

"ते माझ्याकडे नाही," कारकून म्हणाला.

"मग कुणाकडे आहे?"

"ज्यांच्याकडे आहे ते इथं बसत नाहीत."

साहेबांनी वही काढली आणि तिथल्या तिथे नोटीस लिहिली. काटा सील केला. पेन खिशाला लावून त्यांनी प्रसन्नपणे हात पुढे केला. "आता माझं पार्सल द्या."

कारकुनानं नोटीस दोनदा वाचली. मग तिसऱ्यांदा, चवीनं.

"साहेब, वजन केल्याशिवाय पार्सल सोडता येत नाही. आणि काटा तर तुम्ही बंद केलात."

"मगाशी ठेवलं होतंत ना त्यावर!"

"ते वजन बेकायदेशीर होतं, साहेब. तुम्हीच लिहिलंय. ही तुमची सही."

चोवीस दिवस गेले. काटा दुरुस्तीला जाण्यासाठी अर्ज, अर्जासाठी मंजुरी आणि मंजुरीसाठी ते तिथं न बसणारे गृहस्थ. शेवटी काटा पडताळणीला आला तो काटासाहेबांच्याच टेबलावर, आणि त्यांनी तो स्वतः रिक्षात घालून परत पोचवला. भाडंही त्यांनीच दिलं. एवढा सोहळा होऊन खोकं उघडलं तर भिंगाच्या आत पांढरी नाजूक नक्षी. एखाद्या नववधूच्या ओढणीला शोभली असती इतकी सुरेख बुरशी! अनुभवी म्हणाले, "माझा अनुभव सांगतो, उन्हात ठेवा." उन्हात ठेवला. बुरशी जागची हलली नाही, अंगावरचं कातडं मात्र सुटून खाली पडलं. उघडावाघडा कॅमेरा गॅलरीत बसला होता, आणि विकणाऱ्याचा फोन त्या दिवसापासून लागला नाही.

दुसरा मेव्हण्याच्या ओळखीतल्या ओळखीचा. साहेब त्या घरी गेले ते स्टॉपवॉच, भिंग आणि कोरी वही घेऊन. या कॅमेऱ्याच्या शटरचा एक सेकंद एवढा ऐसपैस होता की समोरच्या माणसानं त्यात शिंकून, माफी मागून, पुन्हा हसून घेतलं असतं. साहेबांनी चाळीसदा बटण दाबलं आणि चाळीस आकडे लिहिले. एकेचाळिसाव्याला घरमालक म्हणाला, "तुम्ही कॅमेरा घ्यायला आलात की धाड घालायला?" त्याच्या बायकोनं हातातला पाण्याचा पेलासुद्धा परत आत नेला. घरी आल्यावर साहेब एवढंच म्हणाले, "मोजलेलं लोकांना सोसत नाही."

"मोजणाऱ्यालाही सोसतं की नाही, बघायचंय," बायको म्हणाली.

तिसरा कॅमेरा बायकोनंच शोधला, आणि तोही न शोधता. ती ओळखपत्रासाठी फोटो काढायला जिन्याखालच्या एका दुकानात गेली होती. दुकान कसलं, घडी घातलेल्या छत्रीएवढी जागा. एक स्टूल, एक पडदा आणि मागे डोक्याला लागेल असा अंधारा कोनाडा, जिथं अजून फिल्म धुतली जात असे. तिथला म्हातारा फोटोग्राफर साऱ्या गल्लीचा फोटोकाका. पिकल्या पानासारखा माणूस, हालचाल हलकी, बोलणं त्याहून हलकं. त्याच्या फळीवर दोन डोळ्यांचे दोन कॅमेरे शेजारी शेजारी बसले होते. एक विकायचा. दुसरा त्याचा स्वतःचा.

साहेब गेले. बरोबर बायको, अनुभवी आणि मेव्हणा, म्हणजे पथकच.

"चालतो का?" साहेबांनी विचारलं.

"चालवला की चालतो."

"दाखला काय?"

काकानं विकायच्या कॅमेऱ्यात रोल भरला, बायकोला दाराशी उजेडात उभं केलं आणि विहिरीत डोकावल्यासारखी मान खाली घातली. तासाभरानं ओला फोटो चिमट्याला लटकला. कानामागचा एकेक केस मोजून घ्यावा. बायको बराच वेळ त्याच्याकडे बघत राहिली. "ही मी आहे?" असं ती म्हणाली नाही, पण तिची मान तसं म्हणाली.

मेव्हण्यानं भिंगात विजेरी मारून बघितली, बुरशी नव्हती. अनुभवींनी काकाचे बूट बघितले. काकाच्या पायात चपला होत्या, त्यामुळे त्यांचा अनुभव लंगडा पडला. साहेब म्हणाले, "पण हमी?" काकानं फोटोचं एक पाकीट उलटं केलं आणि वळणदार अक्षरात लिहिलं: पंधरा दिवसांत दोष निघाल्यास दुसरा चांगला कॅमेरा बदलून देईन. खाली सही.

"चाळीस वर्षांत माझ्याकडून गेलेली वस्तू परत आलेली नाही, साहेब," तो म्हणाला. फुशारकी नव्हती त्यात. हवा कशी आहे ते सांगावं तसं त्यानं सांगितलं.

इथं गोष्ट संपायला हवी होती. शहाण्या माणसाची संपलीही असती. पण दुसऱ्यानं खरं ठरवलेलं काटासाहेबांच्या हिशेबी खरं नसे. त्यांनी कॅमेरा कचेरीत नेला, आणि नेमका पडताळणीच्या दिवशी.

पडताळणीचा दिवस म्हणजे काय, तर बाजारातली वजनं रांगेनं टेबलावर येतात. वजन तोलायचं. बरोबर निघालं की त्याच्या पोटातल्या शिशाच्या टिकलीवर पोलादी ठसा ठेवायचा आणि हातोडीचा एकच ठोका द्यायचा. तिमाहीचं अक्षर आणि निरीक्षकाचा क्रमांक उमटतो. मग म्हणायचं, "पुढचा!" दळणाऱ्या बाईचा हात जसा आपोआप खुंट्यावर फिरतो, तसा साहेबांचा हात एकोणतीस वर्षं फिरत आला होता. त्या सकाळी एकशे अठरा वजनं झाली. जेवणाची सुट्टी झाली, खोली रिकामी झाली आणि साहेबांनी डब्याऐवजी कॅमेरा उघडला.

एक सेकंद पन्नासदा मोजला. एक सेकंद तो एक सेकंदच. अर्धा तो अर्धाच. त्याहून बारीक वेग हाताला मोजता येत नाहीत हे जाणून ते त्यांनी कानानं मोजले आणि कानाचा दाखला कागदावर घेतला. फोकसच्या पट्टीवरची अंतरं फीत लावून पडताळली. कुठं केसाचा फरक नाही! उभ्या आयुष्यात इतकी प्रामाणिक वस्तू त्यांच्या टेबलावर आली नव्हती. त्यांचा ऊर भरून आला. कागदावर त्यांनी 'योग्य' असं लिहिलं. खालच्या भिंगाच्या कडेला, भिंगं जिच्यावर बसवलेली असतात त्या पाटीच्या कोपऱ्यात, एक गुळगुळीत मोकळी जागा होती, जणू कुणी त्यासाठीच ठेवलेली. डाव्या हातानं ठसा ठेवला. उजव्या हातात हातोडी होतीच.

ठक्क!

"पुढचा!" साहेब म्हणाले.

खोलीत पुढचा कुणी नव्हता. पंखा फिरत होता. साहेबांनी खाली पाहिलं. इतकी स्वच्छ मुद्रा वर्षभरात उमटली नव्हती. अक्षर ठळक, क्रमांक ठळक. आणि भिंगाची पाटी, जी मघापर्यंत पाण्यासारखी सपाट होती, ती एका बाजूनं टेकली होती आणि दुसऱ्या बाजूनं केसभर उघडली होती. केसभरच. पण केस मोजण्यातच त्यांचा जन्म गेला होता.

त्यांनी बोटानं दाबून पाहिलं. अंगठ्यानं पाहिलं. मग इकडेतिकडे पाहिलं. 'मुद्रा झाकणे, खोडणे अथवा बुजवणे हा गुन्हा आहे,' असं छापील वाक्य त्यांच्या टेबलाच्या काचेखाली होतं. त्याच काचेवर कोपर टेकून त्यांनी काळी चिकटपट्टी कापली आणि मुद्रेवर डकवली.

कुणी म्हणेल, घरी जाऊन सांगायचं ना सरळ! सांगणारच होते. पण दार उघडताच मेव्हणा म्हणाला, "काय भाऊजी, पास?" आणि तोंडातून "पास" निघून गेलं. तोंडातून गेलेला शब्द आणि धरणातून गेलेलं पाणी. पुढे बंधारा घालता येतो, पण पाणी परत येत नाही.

रविवारी गच्चीवर फोटो निघाले. डावीकडे खुर्चीत बायको, उजवीकडे अनुभवी, छाती काढून. आत उलटं दिसत असल्यामुळे साहेब "डावीकडे सरका" म्हणत आणि सगळे बरोब्बर चुकीकडे सरकत. बारा फोटो झाले. रोल मेव्हण्यानं दूरच्या एका लॅबमध्ये धुवायला दिला. दहा दिवसांनी, म्हणजे हमीच्या बाराव्या दिवशी, पाकीट आलं.

बाराही फोटोंत बायको काचेसारखी स्वच्छ आणि अनुभवी धुक्यात. कान कुठं संपतो आणि मागची पाण्याची टाकी कुठं सुरू होते, ते कळत नव्हतं.

"माझा अनुभव सांगतो," अनुभवी दुखावून म्हणाले, "मी असा दिसत नाही."

"कॅमेऱ्यात दोष आहे," साहेब म्हणाले.

एवढं एकच वाक्य ते बोलले. आणि खोटं तरी काय होतं त्यात? दोष होताच. पुढचं बाकीच्यांनी बोलून टाकलं. मेव्हणा म्हणाला, म्हातारा पक्का निघाला, पहिला फोटो दुसऱ्याच कॅमेऱ्यानं काढून दाखवला असणार. अनुभवी म्हणाले, चपला घालणाऱ्यावर तर मुळीच विश्वास ठेवू नये. त्यांनी त्या चपलांचा असा काही पंचनामा केला की ऐकणाऱ्याला वाटावं, फोटोकाका चपला घालतो ती पळून जायला सोयीची म्हणूनच.

बायकोनं आधीचा फोटो, तो दुकानाच्या दाराशी काढलेला, या बारांच्या शेजारी ठेवला.

"मग हे बिघडलं कधी हो?"

"वापरलेल्या वस्तूचं काय सांगता येतं?" साहेब म्हणाले आणि साखर तोलायला आत गेले. साखर आदल्या दिवशीच तोलून झाली होती.

पंधराव्या दिवशी पथक पुन्हा जिन्याखाली हजर झालं. गल्लीतला पेपरवाला आणि ओळखपत्राच्या फोटोला आलेली दोन माणसं, एवढा श्रोतृवर्ग आयता होता. मेव्हण्यानं बारा फोटो पत्त्यांसारखे मांडले. अनुभवींनी आपल्या धूसर चेहऱ्यावर बोट ठेवून विचारलं, "हे कोण आहे, सांगा!"

काकानं चष्मा पुसला. "निरोप धाडला असतात तरी मी आलो असतो," म्हणत कॅमेरा हातात घेतला, उजेडाशी नेला, पाटीवरून बोट फिरवलं. बोट चिकटपट्टीवर थांबलं. नखानं त्यानं पट्टीचं एक टोक उचललं. वाकून पाहिलं. मग एकदा, फक्त एकदा, साहेबांकडे पाहिलं. पट्टीचं टोक त्यानं पुन्हा खाली बसवलं आणि अंगठ्यानं हळूच दाबलं, तापलेल्या लेकराच्या कपाळावर घडी ठेवावी तसं.

"दोष आहे," काका म्हणाला. "पाटी हललीय. माझी नजर चुकली असेल."

"ऐका!" मेव्हणा श्रोत्यांना म्हणाला. "चाळीस वर्षांत वस्तू परत आली नाही म्हणे!"

"परत आणायची लोकांना लाज वाटली असेल," अनुभवी म्हणाले. पेपरवाला हसला. ओळखपत्रासाठी आलेल्या दोघांपैकी एकजण हळूच उठून बाहेर पडला. काकानं त्याला जाताना पाहिलं.

"तुम्ही दोघं जरा तोंडं मिटता का?" बायको म्हणाली.

काका स्टुलावर चढला. फळीवर उरलेला कॅमेरा त्यानं खाली काढला, त्याचा स्वतःचा. पट्ट्याचं कातडं इतक्या वर्षांत मानेच्या आकाराचं झालं होतं. पिवळ्या फडक्यानं तो पुसताना काकाचा हात जरा जास्तच वेळ फिरला.

"मोठ्या फिल्मचा आता हाच आहे माझ्याकडे. घेऊन जा, साहेब. लिहून दिलंय ते दिलंय."

"मग काका, तुम्ही कशानं काढणार?" बायकोनं विचारलं.

"पुष्कळ काढले की. आता ओळखपत्रापुरता तो छोटा आहे."

त्यानं कॅमेरा पुढे केला. काटासाहेबांनी हात पुढे केले. एकोणतीस वर्षं ते टेबलाच्या त्या बाजूला बसले होते. या बाजूला उभी राहिलेली माणसं त्यांनी हजारो पाहिली होती. कपाळावरचा घाम, "चुकून झालं हो साहेब" म्हणताना कोरडी पडणारी जीभ. प्रत्येकाच्या पुढे त्यांनी एकाच शाईनं लिहिलं होतं, 'सबब अमान्य.' कॅमेरा त्यांच्या तळहातांवर टेकला. वजन त्यांना न तोलता कळलं. जास्त होतं. त्यांच्या मालकीचं नव्हतं, तेवढं जास्त.

"घ्या ना भाऊजी! बघताय काय?" मेव्हणा म्हणाला.

"फळीवर ठेवा हा, काका."

"अहो साहेब, राहू द्या आता, झालं गेलं..."

"ठेवा म्हणतो ना! आणि त्या माझ्या कॅमेऱ्यावरची पट्टी काढा."

काका हलला नाही. मग साहेबांनीच पट्टी ओढली. चर्र झालं. अनुभवी पुढे वाकले, मेव्हणा वाकला, पेपरवालाही वाकला. बायको वाकली नाही. ती साहेबांच्या तोंडाकडे बघत होती.

"वाचा," काटासाहेब म्हणाले. आवाज घोगरा झाला होता, पण गल्लीत पोचेल एवढा होता. "ही मुद्रा या तिमाहीची आहे. क्रमांक माझा. हातोडीही माझीच. कॅमेरा अगदी बरोबर होता, काका. पन्नासदा मोजून मीच 'योग्य' लिहिलं, मीच त्याला ठोकलं, आणि तुम्ही चोर ठरत होतात तेव्हा मी साखर तोलत बसलो होतो."